चित्रा झडप आणि तिच्याआधीच्या तपासण्या: नऊ महिन्यांनंतर

माझ्या हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप बदलून, तिच्या जागी धातूची बसवून नऊ महिने झाले. घरात कुणाला नुकतंच 'व्हॉल्व्ह बदलावा लागेल' असं सांगितलेलं असतं, अशा लोकांचे मला अजून फोन येतात. फोनवर सगळं सांगून होत नाही, काहीतरी राहतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आणि नुसत्या झडपेबद्दल लिहून भागणार नाही. आज मी जे सांभाळून वागते त्यातलं निम्मं मला ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांमध्ये कळलं.

मी ४८ वर्षांची. कांजूरमार्गला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. लहानपणी चिपळूणजवळच्या आमच्या गावी मला घसा धरून ताप यायचा आणि मागोमाग गुडघे सुजायचे. एक उतरला की दुसरा. आजी निर्गुडीच्या पाल्याने शेकायची, आठ-पंधरा दिवसांत मी पुन्हा हुंदडायला लागायचे. तो संधिवाताचा ताप होता, सांधे बरे होतात पण हृदयाच्या झडपांना जे होतं ते राहतं, हे मला चाळीस वर्षांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. दादरचा पूल चढताना मध्येच कठड्याला धरून थांबावं लागायचं, रात्री दोन उश्या घेतल्याशिवाय श्वास पुरायचा नाही, ते मी वयावर आणि वजनावर ढकलत होते. झडपेचं तोंड साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर हवं, माझं ०.९ उरलं होतं.

साधा इको म्हणजे काहीच नाही, छातीवर थंड जेल लावतात आणि झालं. लोक घाबरतात ते घशातून करायच्या इकोला. मीही घाबरले होते. तो का करतात ते कळलं की भीती थोडी कमी होते: फुग्याने झडप उघडता येईल का, आणि हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी आहे का, हे अन्ननलिकेतून पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतं, कारण तो कप्पा अन्ननलिकेला जवळजवळ टेकलेला असतो.

सहा तास उपाशी ठेवलं होतं. घशात कडू फवारा मारला, जीभ जाड झाल्यासारखी वाटली आणि आवंढा गिळला की नाही तेच कळेना. डाव्या कुशीवर झोपवून तोंडात प्लॅस्टिकचं कडं दिलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, गिळा. घास गिळता तसं." दोनदा ओकारीची उबळ आली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वॉर्डातल्या मावशी माझं डोकं धरून उभ्या होत्या. त्यांचा हात माझ्या डोळ्यांसमोरच होता, मी त्यांच्या बांगड्या मोजत राहिले. पाच हिरव्या काचेच्या, एक प्लॅस्टिकची. श्वास नाकाने घ्यायचा, लाळ गिळायची नाही, बाहेर वाहू द्यायची, एवढं दोनच लक्षात ठेवलंत तर निभावतं. दहा-पंधरा मिनिटांत नळी बाहेर आली. नंतर दोन तास पाणीसुद्धा मागू नका. घसा बधिर असताना पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

त्यातून निघालं ते असं: गुठळी नव्हती, पण झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक झाली होती आणि गळतही होती. म्हणजे फुग्याचा मार्ग बंद. त्या दिवशी मी खूप रडले. पण निर्णय पक्का झाला, आणि कुणाच्या सांगण्यावरून नाही, समोर दिसलेल्या चित्रावरून झाला, याचा मला पुढे फार आधार वाटला.

वय चाळिशीपुढचं म्हणून अँजिओग्राफी केली. मनगटातून केली आणि त्याच दिवशी संपली. रक्ताच्या नळ्या किती भरल्या ते आठवत नाही. छातीचा एक्स-रे, फुप्फुसांसाठी नळीत फुंकायची तपासणी, लघवी, कावीळ आणि एचआयव्ही. हे सगळं रांगेत उभं राहण्याचं काम आहे. बरोबर घरचं कुणीतरी हवं आणि डबा हवा.

आता दातांचं. यादीत शेवटी 'डेंटल फिटनेस' लिहिलं होतं. मी म्हटलं, सही-शिक्का घ्यायचा असेल. दंतवैद्यांनी कॅप बसवलेल्या दाढेवर नुसतं टकटक केलं आणि एक्स-रे काढायला लावला. मुळाशी पू होता. मला दुखत नव्हतं, काहीच होत नव्हतं. दाढ काढली, जखम भरेपर्यंत ऑपरेशनची तारीख पुढे गेली. हे घरी चिडले, "हृदयाचं राहिलं बाजूला आणि दात काय काढताय?" तेव्हा सर्जननी त्यांना बसवून समजावलं. तोंडातले जंतू रक्तात उतरले की नव्या झडपेला चिकटतात, आणि कृत्रिम झडपेवरचा जंतुसंसर्ग कित्येकदा दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत नेतो. त्यानंतर ह्यांनी तारखेबद्दल एक शब्द काढला नाही. दात किडके असतील तर आज जा, यादी हातात पडायची वाट पाहू नका.

ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झालं, केशरी रेशनकार्ड होतं. झडप निवडताना मला विचारलं गेलं. प्राण्यांच्या ऊतींची झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते, धातूची टिकते पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. पुन्हा छाती उघडायची नाही म्हणून मी धातूची घेतली. ज्या मुलींना पुढे मूल हवंय त्यांनी हा विषय स्वतःहून काढावा, कारण ती गोळी गर्भाला अपाय करू शकते. मला बसवली ती चित्रा झडप, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली. तिथे ती पहिल्यांदा १९९० च्या डिसेंबरमध्ये रुग्णाला बसवली. आपल्या देशात केलेली वस्तू माझ्या छातीत चालते याचा मला मनापासून अभिमान आहे.

ती वाजते, हे मात्र सांगायलाच हवं. रात्री पंखा बंद असला की टिक, टिक ऐकू येतं. पहिला महिना झोप लागत नव्हती. आता तो आवाज ऐकला की बरं वाटतं.

रोजचं खरं काम आयएनआरचं, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणाऱ्या तपासणीतल्या आकड्याचं. माझा २.५ ते ३.५ च्या मध्ये हवा. ती गोळी चालू आहे म्हणून मेथी-पालक बंद करा असं शेजारपाजारचे सांगत होते. डॉक्टरांनी सांगितलं की बंद नको, दर आठवड्याला साधारण सारखंच प्रमाण ठेवा. विळीवर बोट कापलं तर फडक्याने दहा मिनिटं घट्ट दाबून धरते. एका नातेवाइकाने तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या सुचवल्या होत्या. त्या धातूच्या झडपेला चालत नाहीत, कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका.

पाचव्या महिन्यात घराजवळच्या एका लॅबमधून आयएनआर ६.१ आला. माझे हातपाय गार पडले. गोळी मीच दोन दिवस बंद करणार होते, पण आधी ओपीडीत फोन केला. रक्त कुठून येतंय का, काळं-निळं पडलंय का, असं विचारलं, मी नाही म्हटलं, तर लगेच येऊन पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. तिथे २.८ निघाला. निळ्या टोपणाच्या नळीत औषध आधीच मोजून घातलेलं असतं, रक्त खुणेपेक्षा कमी भरलं तर आकडा खोटा वाढतो. लॅबवाल्या मुलाने माझी शीर सापडत नव्हती म्हणून अर्धीच नळी भरली होती, हे मला आठवलं. तेव्हापासून मी नळी खुणेपर्यंत भरलेली बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही.

गेल्या महिन्यात दात साफ करायला त्याच दंतवैद्यांकडे गेले. एक तास आधी जंतूंवरच्या औषधाच्या, अमॉक्सिसिलिनच्या, ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेतल्या होत्या, ताजा आयएनआर पिशवीत होता. त्यांनी खुर्चीवर बसवण्याआधी फाईल मागितली, कागद वाचला, गोळ्या किती वाजता घेतल्या ते विचारलं. मग म्हणाले, "आ करा."