अमेरिकन फुटबॉलचा ऑनलाइन पास: पंचाच्या नजरेतून

मी अमळनेरचा, कबड्डीचा पंच. सामन्याइतकंच निर्णयांकडे माझं लक्ष असतं, आणि त्यासाठी हा पास, म्हणजे सामने ऑनलाइन बघायची वर्गणी, पैसे वसूल आहे. सामने आपल्याकडे मध्यरात्री असतात. मी सकाळी बोरीकाठी फिरून आलो की बघतो, स्कोअर लपवून.

डिसेंबर 2023 चा चीफ्स-बिल्स सामना थांबवून थांबवून बघा. खेळ सुरू होताना चीफ्सच्या कडेरियस टोनीचा पाय सरळ सरळ चेंडूच्या पुढे आहे, म्हणजेच ऑफसाइड. त्यामुळे चीफ्सचं टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) रद्द झालं, बिल्स 20-17 ने जिंकले. केवढा गहजब झाला, पण पंच बरोबरच होता!

बचावपटू ऑफसाइड गेला तर वेगळीच मजा. पंचाचा चूक दाखवणारा पिवळा रुमाल पडतो, तरी खेळ बहुतेक वेळा चालूच. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, बिनधास्त लांब फेकतो. जमलं तर ठेवायचं, फसलं तर 5 यार्ड घ्यायचे. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स यात पटाईत. खेळ सुरू करायच्या हाकाऱ्याचा सूर बदलून समोरच्याला आधीच पुढे यायला फसवतो.

खटकतं ते एवढंच की ऐन रेषेवरचा कॅमेरा निवडता येत नाही. तिरक्या कोनातून ऑफसाइड ठरवणार कसं? ही सोय द्याच. घ्यायचा तर सप्टेंबरच्या आत घ्या, सीझन तेव्हाच सुरू होतो.