पाळणाघराचा अनुभव: बाकी सगळं चांगलं, पण डायपरच्या टेबलाशेजारी नळ हवाच

आधीच सांगतो, मुलीला इथून काढणार नाही. रांगत होती तेव्हा घातली, आता पळते. तान्ह्यांच्या खोलीत चार मुलांमागे एक ताई हे प्रमाण ताईंच्या जेवणाच्या वेळीही मोडत नाही. घ्यायला नेहमीचं माणूस आलं नाही तर आधी आम्हाला फोन येतो. झोपवताना बाळाला पाठीवरच ठेवतात, पाळण्यात उशी नाही, पांघरुणाचा ढीग नाही, मऊ खेळणी नाहीत. कॅमेरे आणि रंगवलेल्या भिंतींबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते नळाबद्दल.

डायपर बदलायचं टेबल खोलीच्या कोपऱ्यात आणि बेसिन खोलीबाहेर, बोळाच्या पार टोकाला. एका मुलाचं डायपर बदलून ताई हात धुवायला गेली, तर बाकीच्या तिघांकडे बघणार कोण? म्हणून टेबलावर सॅनिटायझरची बाटली ठेवलेली. ताई दोनदा दाबते, हात चोळते आणि पुढच्या मुलाला भरवायला बसते. यात ताईला बोल लावण्यात अर्थ नाही. मुलांना सोडून जायचं नाही हा नियम ती पाळतेय, आणि तो बरोबरच आहे. चूक ज्याने खोली आखली त्याची.

मध्यंतरी खोलीतल्या जवळपास सगळ्या मुलांना उलट्या-जुलाब झाले. आधी आमची मुलगी, मग बायको, मग मी. मुलगी घरी, आमचं काम बुडालं, आणि फी मात्र पूर्ण घेतली. तेव्हा संचालिका मॅडमना जाऊन भेटलो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "आमच्याकडे दर वेळी सॅनिटायझर लावतात."

अहो, पण तिथेच तर घोडं अडतं! शी लागलेल्या हातावर सॅनिटायझर नीट चालत नाही. आणि अशा साथींमागे बऱ्याचदा असणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा दाद देत नाही, कारण अल्कोहोलने विरघळावं असं मेदाचं आवरणच त्याला नसतं. साबण आणि वाहतं पाणी त्याला हातावरून सोडवून धुऊन नेतं, त्यासाठी निदान २० सेकंद हात चोळावे लागतात. मुलाचेही हात धुवायचे, कारण टेबलावर निजवलेलं मूल हात खाली नेतंच. टेबलाचंही तेच. आधी साबणाने पुसायचं, मग जंतुनाशक मारायचं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्यायचं. इथे फवारा मारला की लगेच फडकं फिरतं, आणि फडकंही सकाळचंच.

उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास मूल घरी ठेवा, या नियमावर बरेच पालक चिडतात. मी त्या नियमाच्या बाजूने आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. मूल हसायला-खेळायला लागलं तरी त्याच्या शीतून विषाणू दोन आठवडे, कधी त्याहून जास्त बाहेर पडत राहतो. म्हणजे बरं होऊन परत आलेल्या मुलाच्या डायपरनंतर हात धुतले नाहीत, तर घरी ठेवल्याचा निम्मा उपयोग वाया.

जेवणाबद्दल सुरुवातीला मी याच पाळणाघराला फार कमी गुण दिले असते. रोजच्या वहीत "अर्धं खाल्लं", "नको म्हणाली" असं वाचून डोकं फिरायचं. जेवणाचे पैसे आपण मोजतो, मग भरवत का नाहीत? विचारलं तर ताई म्हणाली, "काय वाढायचं आणि कधी, ते आम्ही बघतो. किती खायचं ते तिला ठरवू द्या, दादा." तेव्हा पटलं नव्हतं. आता पटलंय. जी भाजी ती थुंकून टाकायची तीच परत परत, आग्रह न करता, थोडीथोडी ताटात येत राहिली आणि एक दिवस तिने आपणहून उचलली. नव्या चवीशी ओळख व्हायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. घरी आम्ही दोन वेळा नाकारलेली गोष्ट परत करत नव्हतो.

स्वयंपाकघरात द्राक्षं चिरतात तेही बघून आलो. प्रत्येक द्राक्ष उभं, चार फोडी. आडवं कापलं तर गोल चकती उरते, आणि ती लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखी बसू शकते. अख्खे दाणे, पॉपकॉर्न या वयाला नाहीच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवत नाहीत, आजीने पाठवला तरी.

एवढं कळणाऱ्या माणसांना नळाचं पटवायला इतकं भांडावं लागलं, याचाच राग येतो. नळजोडणी होणार नाही म्हणाले. मग मीच सुचवलं, तोटीची पाण्याची टाकी टेबलाशेजारी ठेवा, खाली बादली, बाजूला साबण. ती आता ठेवलीय. रोज घासून ताजं पाणी भरतात, बादली संडासात ओततात, आणि ताई तोटी कोपराने बंद करते. खोली सोडावी लागत नाही.

त्यासाठी गुण वाढवतोय, पण पूर्ण देत नाही. टाकीशेजारी हात पुसायला सगळ्यांत मिळून एकच टॉवेल टांगलाय. धुतलेले हात त्यालाच पुसणार असाल तर टाकीचा काय उपयोग? कागदी रुमाल महाग पडतात म्हणे. आजारपणातल्या दिवसांची फी घेता, त्यातून आणा, असं लेखी दिलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.