माडांच्या सावलीत दुर्बीण: सात महिन्यांनंतर

दिवाळीत १३० मिलिमीटर आरशाची परावर्ती दुर्बीण घेतली, इक्वेटोरियल माउंटसकट, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवता येते अशा बैठकीसकट. आरशाबद्दल तक्रार नाही. माउंट मात्र गोव्यात घेऊ नका.

हा माउंट ध्रुवताऱ्याकडे रोखून लावायचा असतो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजावर जेमतेम १५ अंश, आणि डिचोलीतल्या आमच्या अंगणातून नेमक्या तिथेच माडाच्या झावळ्या. होकायंत्राने उत्तर धरून भागवलं, तर माउंटचा अक्ष इतका आडवा पडतो की मावळतीचा ग्रह धरायला गेलं की तोल सांभाळणारं वजन ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला ठोकतं. ठक, आणि ग्रह गायब. शेवटी ट्रायपॉड फिरवून उत्तरेला दोन पायांमधली फट ठेवली. आता ठोकत नाही, पण डुलतं. विकणाऱ्याला विचारलं होतं, ‘कुठेही चालतो’ म्हणाला होता. हाच आरसा डॉब्सनवर, म्हणजे नुसत्या वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या बैठकीवर, घेतला असता तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात आईला शनी दाखवला. कडी तेव्हा आपल्याला जवळजवळ धारेवरून दिसत होती. ‘मणी सुईत अडकलाय जणू,’ आई म्हणाली आणि आत गेली. शनीच्या २९ वर्षांच्या फेरीत असं दोनदा होतं, त्यात दुर्बिणीचा काय दोष!

गुरूने पैसे वसूल केले. १० जानेवारीला प्रतियुती होती, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर समोर, तो महिनाभर १० मिलिमीटरच्या आयपीसमधून (डोळा लावायचं भिंग), म्हणजे ६५ पट, दोन पट्टे आणि चारही चंद्र. एकदा आठ वाजता त्यातला आयो गुरूला चिकटलेला होता. जेवून साडेदहाला पाहिलं तर मधे चांगली फट. साडेबेचाळीस तासांत फेरी मारणारा तो, थांबेल कशाला?

पौर्णिमेला दुर्बीण काढूच नका, चंद्र नुसता सपाट पांढरा दिसतो. शुक्ल नवमी-दशमीला उजेड-अंधाराच्या कडेवर कोपर्निकस शोधा: ९३ किलोमीटरचं विवर, भिंतींना पायऱ्या, मधे शिखरं.

दमटपणा हे दुसरं दुखणं. दहा वाजले की फाइंडरची, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीची, काच धुरकट. पहिल्या महिन्यात मी ती रुमालाने पुसली. ओरखडा अजून आहे. आता हेअर ड्रायर, तोही लांबूनच.

सध्या मे महिन्यात सूर्यास्तानंतर पश्चिमेला शुक्र, त्याच्या वर गुरू. ९ जूनला दोघे दीड अंशाच्या आसपास येतील. तोवर पाऊस नसला तर बाहेर काढेन. आला, तर आयपीस सिलिका जेलच्या डब्यात, थेट चवथीपर्यंत.