कॅम्परमधील गॅस अलार्म बदलला: यंत्राविषयी आणि ते बसवणाऱ्या वर्कशॉपविषयी

डिसेंबरात चिखलदऱ्याला मुक्कामी असताना पहाटे तीनच्या सुमारास आमच्या कॅम्परमधील (झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतील) गॅस अलार्म दर अर्ध्या मिनिटाला एकदा वाजू लागला. आईला आणि मुलीला उठवून बाहेर नेले, रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि शेगडीच्या प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून पाहिले. बुडबुडा कोठेही आला नाही. उजाडल्यावर यंत्र भिंतीवरून काढून मागची पट्टी वाचली, तेव्हा उलगडा झाला. त्यावर आयुष्य ५ वर्षे छापलेले होते आणि उत्पादनाच्या तारखेला सहा वर्षे उलटून गेली होती. तो आवाज गळतीचा नव्हता, सेन्सरची मुदत संपल्याचा होता. गाडी जुनी विकत घेताना टायर, बॅटरी, कागदपत्रे सारे तपासले होते. ही पट्टी मात्र पाहिली नव्हती.

नवे यंत्र आम्ही १२ व्होल्टवर चालणारे, एलपीजी आणि कार्बन मोनॉक्साइड (इंधन अपुरे जळाल्यावर तयार होणारा विषारी वायू) या दोन्हींची सूचना देणारे, परदेशी बनावटीचे घेतले. ते स्थानिक दुकानांत मिळाले नाही म्हणून ऑनलाइन मागवले आणि खर्च दहा हजारांच्या घरात गेला. पहिल्यांदा आलेल्या नगावरची उत्पादनाची तारीख दोन वर्षे जुनी होती, म्हणून तो परत केला. दुसरा नग चार महिन्यांपूर्वीचा निघाला. यातील सेन्सर खोक्यात पडून असतानाही जुना होत असतो, त्यामुळे खोके उघडल्यावर पहिली नजर मागच्या पट्टीवर जावी, असे मी आग्रहाने सांगेन.

एकाच डबीत दोन सेन्सर असण्यात सोय आहे आणि एक तडजोडही आहे. एलपीजीतील प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन जवळपास दुप्पट जड असल्याने गळलेला गॅस खाली, जमिनीलगत साचतो. म्हणून यंत्र फरशीपासून फूटभर उंचीवर बसवावे लागते. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असून तो खोलीभर मिसळतो. तो खालीही ओळखला जातो हे खरे, पण आम्ही झोपतो ते फळीवर, आणि श्वासाच्या उंचीवर काय आहे हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यामुळे फळीजवळ बॅटरीवर चालणारा, फक्त कार्बन मोनॉक्साइडचा आणखी एक लहान अलार्म लावला. एलपीजीला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. चिखलदऱ्याच्या थंडीत कोळशाची शेगडी गाडीत आणून ऊब घेणारी कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत. त्यांना थांबवून हे सांगावेसे वाटले होते आणि एकदा सांगितलेही.

यंत्र बसवण्याचे काम नागपूरजवळच्या वाडी येथील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दिले, आणि या संपूर्ण खरेदीतील सर्वांत मोलाचा भाग हाच ठरला. जुना अलार्म काढून त्याच जागी नवा लावायचा, म्हणजे दोन वायरींचे काम, अशी माझी समजूत होती. त्यांनी मात्र आधी मल्टीमीटर लावून वायर कोठून येते ते शोधले, आणि असे दिसले की आधीच्या फिटरने ती आतल्या दिव्यांच्या मुख्य स्विचच्या पुढून घेतली होती. म्हणजे झोपताना आम्ही दिव्यांचा स्विच बंद केला की अलार्मही बंद होत असे. चिखलदऱ्याला तो वाजला, तो केवळ आईसाठी रात्रभर एक दिवा चालू ठेवला होता म्हणून. ‘साहेब, बटन दाबल्यावर आवाज येते, म्हणजे भोंगा अन् सर्किट चालू आहे एवढंच समजते. सेन्सरचं तारखेवरूनच पाहा लागते,’ असे ते म्हणाले. त्यांनी गाडीच्या राहत्या भागाला वीज पुरवणाऱ्या बॅटरीपासून एक अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज टाकून नवी वायर ओढली, जोड नुसते पिळून टेप न गुंडाळता थिंबलने (धातूच्या लहान नळीने) दाबले आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी, चढवली. भिंतीतील जुने छिद्र नव्या डबीपेक्षा मोठे होते. मी सिलिकॉन भरण्याचे सुचवले, तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला, कारण सिलिकॉनची वाफ गॅस सेन्सरला निकामी करू शकते. त्यांनी रबरी पट्टी बसवून फट बंद केली. तासाभराचे काम होते. घेतलेली मजुरी रास्त होती.

वीज जोडल्यावर सेन्सर तापेपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते, त्यानंतर हिरवा दिवा स्थिर होतो. आवाज कानठळ्या बसवणारा आहे आणि तसाच असायला हवा. कार्बन मोनॉक्साइडसाठी चार झटपट टोले, मग पाच सेकंदांचा खंड, पुन्हा चार टोले असा ठेका आहे. हा भाग प्रमाणासोबत वेळही मोजतो: दहा लाख भागांत ७० भाग असताना तो एक ते चार तासांत वाजतो, ४०० भाग असताना चार ते पंधरा मिनिटांत. त्यामुळे चहा ठेवला की लगेच बोंब ठोकत नाही. गॅसचा भाग मात्र डासांच्या फवाऱ्याने दोनदा वाजला. आता फवारा गाडीत आणतच नाही.

तक्रारी दोन आहेत. सूचनापत्र केवळ इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे, आणि ज्या आईला एकटीने अलार्म ऐकून निर्णय घ्यावा लागेल तिला ते उपयोगाचे नाही. पत्नीने त्यातील टोल्यांचा अर्थ, ‘स्विचला हात न लावता आधी सर्वांनी बाहेर पडा’ ही सूचना आणि गॅसगळतीचा १९०६ हा क्रमांक मराठीत ठळक लिहून अलार्मच्या शेजारी चिकटवला आहे. दुसरी तक्रार विजेची. गॅस सेन्सर सतत तापलेला ठेवावा लागत असल्याने माझ्या मल्टीमीटरवर ८० मिलिअँपिअरचा अखंड वापर दिसला, म्हणजे दिवसाला जवळपास २ अँपिअर-तास. गाडी उन्हाळ्यात महिनाभर उभी राहिली तर १०० अँपिअर-तासांची लेड बॅटरी निम्म्याखाली जाते. नागपूरच्या मे महिन्यात आम्ही कोठे जातही नाही. तेव्हा सिलिंडर उतरवून बाहेर ठेवतो, मगच अलार्मचा फ्यूज काढतो, आणि तो फ्यूज सिलिंडरच्याच रेग्युलेटरला दोऱ्याने बांधून ठेवतो, म्हणजे एक जोडताना दुसरा हाती येतोच.

त्या वर्कशॉपमध्ये हे अलार्म विकत मिळत नाहीत, यंत्र आपणच न्यावे लागते. काम झाल्यावर त्यांनी डबीच्या दर्शनी कडेवर पक्क्या शाईने बदलण्याचा महिना आणि साल लिहून दिले. मागची पट्टी पाहण्यासाठी आता स्क्रू काढावे लागणार नाहीत.