ओपनओसीडी ०.१२, आठ महिन्यांनंतर: जुन्या कमांड बदलताना नेमकं कुठे अडतं

ओपनओसीडी म्हणजे संगणकावरून मायक्रोकंट्रोलरवर प्रोग्राम चढवणारं आणि डीबग करणारं मुक्त सॉफ्टवेअर. आधी वापर कशावर झाला ते. एसटी-लिंक व्ही२ प्रोब (संगणक आणि चिप जोडणारं उपकरण; अस्सल आणि क्लोन दोन्ही), एफटीडीआय कंपनीच्या एफटी२२३२एच या यूएसबी चिपचा साधा ब्रेकआउट बोर्ड आणि रास्पबेरी पाय ३ च्या जीपीआयओ पिनांवरून थेट एसडब्ल्यूडी (दोन तारांचा डीबग दुवा). समोर बहुतेक वेळा एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर. कॉन्फिग फाइली सगळ्या ०.१० च्या जमान्यातल्या. ती आवृत्ती जानेवारी २०१७ ची, ०.११ मार्च २०२१ मध्ये आली आणि ०.१२ जानेवारी २०२३ मध्ये. उबुंटू २०.०४ वर ०.१० मिळते आणि २४.०४ वर थेट ०.१२, त्यामुळे मशीन नवीन केलं की दोन आवृत्त्यांचे बदल एकदमच अंगावर येतात.

मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: वॉर्निंग देणाऱ्या कमांडचा त्रास जवळपास शून्य. खरा वेळ जातो तो वॉर्निंग न देता मोडणाऱ्या गोष्टींवर.

सोपा भाग पटकन. 'इंटरफेस' च्या जागी 'अ‍ॅडॉप्टर ड्रायव्हर', 'अ‍ॅडॉप्टर_केएचझेड' च्या जागी 'अ‍ॅडॉप्टर स्पीड', 'अ‍ॅडॉप्टर_एनएसआरएसटी_डिले' च्या जागी 'अ‍ॅडॉप्टर एसआरएसटी डिले' (मधला 'एन' गेला, आकडा पूर्वीसारखाच मिलिसेकंदात). 'एचएलए_सिरियल', 'एफटीडीआय_सिरियल' वगैरे प्रत्येक प्रोबची वेगळी कमांड जाऊन सगळ्यांसाठी एकच 'अ‍ॅडॉप्टर सिरियल' आली, हा बदल मनापासून आवडला. 'स्टलिंक-व्ही२' नावाची कॉन्फिग फाइलही आता नुसत्या 'स्टलिंक' कडे वळवते.

एफटीडीआयच्या ओळींत मात्र सरसकट सेड (शोधून बदलणारी कमांड) फिरवू नका. 'एफटीडीआय_व्हीआयडी_पीआयडी' चं 'एफटीडीआय व्हीआयडी_पीआयडी' होतं, म्हणजे फक्त पहिला अंडरस्कोर जाऊन तिथे मोकळी जागा येते, दुसरा तसाच राहतो. 'लेआउट_इनिट' आणि 'लेआउट_सिग्नल' चंही तेच. ओळीतले आकडे बदलत नाहीत: दिशा ठरवणाऱ्या मास्कमध्ये टीसीके, टीडीआय आणि टीएमएस या जेटॅग डीबगच्या तारा (बिट ०, १, ३) आउटपुट हवेत, म्हणजे किमान हेक्स 'बी'.

क्रमही पाहावा लागतो. ड्रायव्हरच्या स्वतःच्या कमांड 'अ‍ॅडॉप्टर ड्रायव्हर' ही ओळ चालल्यावरच नोंदवल्या जातात. 'एफटीडीआय' ची ओळ तिच्या वर राहिली, तर 'अशी कमांड नाही' असं उत्तर येतं आणि माणूस उगाच स्पेलिंग तपासत बसतो.

आता मोडणाऱ्या गोष्टी. पहिली, हाताने लिहिलेल्या टार्गेट फाइली (चिपचं वर्णन करणाऱ्या). ०.१० मध्ये कॉर्टेक्स-एम (एसटीएम३२ मधला प्रोसेसर) साठी 'टार्गेट क्रिएट' ला 'चेन-पोझिशन' दिलं की भागायचं. आता आधी 'डॅप क्रिएट' (डॅप म्हणजे चिपमधलं डीबगचं प्रवेशद्वार) करून त्या डॅपचं नाव 'टार्गेट क्रिएट' ला द्यावं लागतं. इथे जुनी पद्धत चालवून घेणारा कुठलाच पूल ठेवलेला नाही, पहिल्याच रनला सगळं थांबतं. सोबत येणारी 'एसटीएम३२एफ१एक्स' ची टार्गेट फाइल वापरली तर हे काम आपोआप होतं. म्हणून स्वतःची प्रत फेकून तीच घ्यावी आणि आपल्या बोर्डाचे बदल वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवावेत. ही छोटी फाइल टार्गेटच्या नंतर लोड करायची, कारण टार्गेट फाइल स्वतःच स्पीड १००० किलोहर्ट्झ करून ठेवते. त्याआधी दिलेले ४००० वाया जातात. एसटी-लिंक व्ही२ वर १००० मागून ९५० मिळाल्याचं लॉगमध्ये दिसतं, ते ठीक आहे, त्या प्रोबला ठरावीकच वेग येतात.

दुसरी गोष्ट 'एक्सपर'. ०.१२ सोबत जिम-टीसीएल ०.८१ (कॉन्फिग फाइली चालवणारी छोटी स्क्रिप्ट भाषा) येतं आणि त्यात 'एक्सपर' ही आकडेमोडीची कमांड एकच आर्ग्युमेंट घेते. 'एक्सपर' पुढे मोकळ्या जागा सोडून लिहिलेली बेरीज थेट एरर देते, अख्खी बेरीज महिरपी कंसात घालावी लागते. जुन्या फाइलींत ही सवय जागोजागी सापडते.

तिसरी, आणि सर्वांत वेळखाऊ, मेमरी वाचणं. जुनी 'मेम२अ‍ॅरे' अ‍ॅरेचं नाव, रुंदी, पत्ता, संख्या या क्रमाने घ्यायची. नवी 'रीड_मेमरी' आधी पत्ता, मग रुंदी, मग संख्या घेते आणि अ‍ॅरे न भरता यादी परत देते. क्रम चुकला तर रुंदी अवैध म्हणून लगेच एरर मिळते, ती चूक सापडायला वेळ लागत नाही. लपून बसते ती तुलना. एफ१०३ वर हेक्स ई००४२००० या पत्त्यावरून चिपचा आयडी वाचला की २००३६४१० सारखा आकडा येतो आणि खालच्या १२ बिटांत ४१० असतं. 'एमडीडब्ल्यू' (मेमरी छापून दाखवणारी कमांड) हा आकडा आठ अंकी, पुढे 'शून्य-एक्स' न लावता छापतो. 'रीड_मेमरी' 'शून्य-एक्स' लावून देते, पण पुढची शून्यं भरत नाही. 'एमडीडब्ल्यू' चं छापील उत्तर पकडून मजकूर म्हणून ताडून पाहणारी जुनी स्क्रिप्ट नव्या कमांडवर आणली, की ती गुपचूप 'चिप जुळत नाही' म्हणत राहते. उपाय एकच: मास्क लावून आकडा म्हणून तुलना करा. रजिस्टरसाठी 'गेट_रेग' आहे, ते नाव आणि किंमत जोडीने देतं. 'रेग' चा छापील मजकूर चिरत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

रास्पबेरी पायवर 'बीसीएम२८३५जीपीआयओ_एसडब्ल्यूडी_नम्स ११ २५' या एका ओळीच्या आता दोन होतात: 'अ‍ॅडॉप्टर जीपीआयओ एसडब्ल्यूसीएलके ११' आणि 'अ‍ॅडॉप्टर जीपीआयओ एसडब्ल्यूडीआयओ २५' (हेडरवर पिन २३ आणि २२). ओळी वाढल्या, पण आकड्यांची अदलाबदल होण्याची भीती संपली. रास्पबेरी पाय ५ वर हा ड्रायव्हर चालत नाही, तिथे जीपीआयओ वेगळ्या चिपवर आहेत, 'लिनक्सजीपीआयओडी' घ्यावा.

जुन्या कमांड शोधताना दोन फसगती होतात. ओपनओसीडीचा लॉग एसटीडीइआरआरवर (एररच्या वेगळ्या प्रवाहावर) जातो, त्यामुळे साध्या पाइपने ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) काहीच पोचत नाही. दोन्ही प्रवाह एकत्र करा किंवा लॉग फाइलीत घ्या. शिवाय वॉर्निंग ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच येते. 'रिसेट-इनिट' इव्हेंटमध्ये दडलेली ओळ 'रिसेट इनिट' दिल्याशिवाय बोलत नाही. म्हणून लॉगवर विसंबू नका, फाइलींमध्येच शोधा. त्यात जीडीबी या डीबगरच्या सुरुवातीच्या फाइलीतल्या 'मॉनिटर' ओळी आणि व्हीएस कोडची लाँच फाइलही धरा, या दोन हमखास राहून जातात. टेलनेटवर टॅब दाबूनही अंदाज येतो: बाद झालेल्या कमांड ऑटोकम्प्लीटमध्ये दाखवत नाहीत.

एकच फाइल ०.१० आणि ०.१२ दोन्हींवर चालवायची असेल तर 'कॅच' (एरर पकडणारी कमांड) मध्ये नवी कमांड आणि ती फसली तर जुनी, असं लिहिता येतं. स्पीडच्या ओळीपुरतं चालेल. ड्रायव्हरच्या ओळीला लावू नका: खरी एरर त्यात गिळली जाऊ शकते आणि हाती उरते ती जुन्या कमांडची दिशाभूल करणारी वॉर्निंग.