ड्राफ्टमध्ये नाव ठेवायचं की मागे घ्यायचं?

डॅलसजवळ राहणारा माझा भाचा शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. आमच्या घराण्याची उंची बघता एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (तिचे संघ ओळीने नवे खेळाडू निवडतात तो सोहळा) त्याच्या आयुष्यात टीव्हीवरच येणार, हे त्यालाही माहीत आहे. तरी दर मे महिन्यात फोनवर आमचा वाद ठरलेला. ‘मामा, संघ घेतोय म्हटल्यावर जायचंच ना! कॉलेज काय, नंतरही होतं.’ मी म्हणतो, आधी नंबर कितवा ते सांग.

वाद असतो तो दरवर्षी काही डझन पोरांसमोर खरोखर उभ्या राहणाऱ्या प्रश्नाचा. एनबीएचा नियम असा, की ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूला 19 पूर्ण व्हायला हवीत, आणि अमेरिकन मुलाची शाळा संपून एक हंगाम उलटलेला हवा. म्हणजे कॉलेजात एक वर्ष काढलं की नाव देता येतं. नाव दिलं की मे महिन्यात शिकागोला कम्बाइन, म्हणजे संघांपुढची चाचणी, असते. तिथे अनवाणी उभं करून उंची मोजतात, हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर घेतात, मग खांबावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उडी मारून हाताने उडवायला लावतात. गुरं बाजारात बघतात तसं वाटतं, पण पाव इंचाने पोरांचे नंबर वरखाली होतात. त्यानंतर साधारण दहा दिवसांत ठरवायचं : नाव ठेवायचं, की मागे घेऊन कॉलेजात परत जायचं. 2025 मध्ये ही मुदत 28 मेच्या मध्यरात्री संपली.

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. कॉलेजात शिष्यवृत्तीपलीकडे एक पैसा मिळत नसे, त्यामुळे घरची ओढाताण असलेला मुलगा निघून जाई. 1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर कमावायची मुभा मिळाली, आणि 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी सगळ्या खेळांचे मिळून एका विद्यापीठाला 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. परिणाम ड्राफ्टच्या यादीतच दिसतो : 2021 मध्ये लवकर, म्हणजे कॉलेज पुरं व्हायच्या आधीच, नाव देणारे (परदेशी मुलं धरून) तीनशेच्या वर होते, 2025 मध्ये जेमतेम शंभराच्या वर. शाळेतून थेट आलेल्या पोरांना पगार देऊन खेळवणारा एनबीएचा स्वतःचा, धाकट्या ‘जी लीग’मधला ‘इग्नाइट’ संघ 2024 मध्ये बंदच झाला. जालेन ग्रीन आणि स्कूट हेंडरसन याच संघातून दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरवर गेले होते, पण कॉलेज त्याहून जास्त द्यायला लागल्यावर तिथे कोण जाणार?

आता दोन्ही पारडी शेजारी ठेवून बघू.

ड्राफ्टच्या पारड्यात सगळ्यात जड गोष्ट म्हणजे पहिली फेरी, एक ते तीस नंबर. इथला पगार नंबरागणिक ठरलेला असतो, आणि करारात दोन वर्षांची हमी, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. 2025 मध्ये डॅलसने पहिल्या नंबरवर घेतलेल्या कूपर फ्लॅगला पहिल्या वर्षाचे 1 कोटी 38 लाख डॉलरच्या आसपास. तिसाव्या नंबरला सुमारे 27 लाख. 27 लाखसुद्धा भरपूर, आणि मुख्य म्हणजे खात्रीचे. एकतिसाव्या नंबरपासून ही हमी गायब. दुसऱ्या फेरीत ज्याचं त्याने घासाघीस करून मिळवायचं. 2023 पासून संघांना दुसऱ्या फेरीतल्यांना तीन-चार वर्षांचे करार द्यायची वेगळी सोय झाली आहे, म्हणून 31 ते 38 मधल्या काहींचं चांगलं जमतं. पण चाळिशीच्या पुढच्या अनेकांच्या हाती ‘टू-वे’ करार येतो. त्यात अर्धा मुक्काम धाकट्या जी लीगमध्ये, आणि पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा : 2025-26 मध्ये सुमारे 6 लाख 36 हजार डॉलर. तोही हुकला आणि नुसती जी लीग नशिबी आली, तर हंगामाला चाळीस-पंचेचाळीस हजार. अमेरिकेत एवढ्या पैशात भाडं भरून उरतं काय!

दुसऱ्या पारड्यात कॉलेज. चांगल्या संघातल्या पहिल्या पाचांत खेळणाऱ्या मुलाला वर्षाला दहा लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मिळाल्याच्या बातम्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. करार खासगी असल्याने आकड्यांत थोडी फुगवाफुगवी असणार हे धरून चाला. तरी ‘टू-वे’पेक्षा जास्त मिळू शकतात, हे खरं. 2025 मध्ये यॅक्सेल लेंडेबोर्गने मुदत संपता संपता नाव मागे घेतलं आणि तो मिशिगन विद्यापीठाकडे गेला. पहिल्या फेरीच्या काठावर धरला जाणारा मुलगा होता. वीस वर्षांपूर्वी याला लोकांनी वेडा म्हटलं असतं.

पैशांच्या या हिशेबात एक रक्कम बहुतेक लोक धरतच नाहीत, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी : दुसरा करार. पहिल्या फेरीतला खेळाडू तीन हंगाम झाले की पुढच्या मोठ्या कराराला पात्र होतो, आणि तो संघाच्या पगारमर्यादेच्या पाव हिश्श्यापर्यंत जाऊ शकतो. 2025-26 च्या मर्यादेने हे वर्षाला 3 कोटी 86 लाख डॉलर. कॉलेजात एक वर्ष जास्त काढलं, की हा करारही एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून पहिल्या दहा-बारांत नक्की जाणाऱ्या पोराला कॉलेजने वीस लाख दिले काय आणि तीस दिले काय, त्याने थांबणं म्हणजे शेंग उचलायला वाकताना खिशातली पुरचुंडी पाडणं. शिवाय संघ वय बघतात. एकोणिसाव्या वर्षी जी उणीव ‘शिकेल अजून’ म्हणून खपते, ती बाविसाव्या वर्षी ‘हा एवढाच’ ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आयव्हन रॅब 2016 मध्ये वरच्या नंबरांत धरला जात होता. तो थांबला आणि 2017 मध्ये पस्तिसावा गेला.

उलट उदाहरण झॅक ईडीचं. सव्वासात फुटांचा हा पोरगा 2023 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, तरी एवढा उंच आणि संथ गडी आजच्या धावत्या खेळात चालेल का, म्हणून संघ बिचकत होते. त्याने नाव मागे घेतलं, पर्ड्यू विद्यापीठात परतला, पुन्हा सर्वोत्तम ठरला, संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि 2024 मध्ये मेम्फिसने त्याला नवव्या नंबरवर घेतलं. एका वर्षात दुसऱ्या फेरीतून पहिल्या दहांत. अशी उडी नेहमी मिळत नाही, पण मिळते ती बहुतेकदा ज्याच्याबद्दल संघांना एक ठरावीक शंका आहे त्यालाच. शंका ‘हा मुळात खेळाडू आहे का’ अशी असेल, तर आणखी तीस सामन्यांनी ती वाढतेच.

ईडीच्या गोष्टीत मराठी घरांनी थांबून बघावं असं एक कलम आहे. तो कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावर आलेला. अमेरिकन सहकारी जाहिरातींतून कमावत असताना याला अमेरिकेत बसून तसं काम करता येत नव्हतं, आणि ही खंत त्याने उघड बोलून दाखवली होती. एच-फोरवर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या आश्रित व्हिसावर, वाढलेल्या मुलांच्या घरी हे सांगायला नको. आश्रित व्हिसावर कमाई नाही, आणि एकविसाव्या वर्षी तोही संपतो. एनबीएचा करार झाला तर व्यावसायिक खेळाडूचा व्हिसा मिळतो. म्हणजे ज्याच्याकडे ग्रीन कार्डही नाही, त्याच्यासाठी कॉलेजचं पारडं कागदावर दिसतं त्याहून बरंच हलकं असतं. आधी वकील, मग एजंट.

निवड न होण्याचीही एक बाजू आहे. ड्राफ्टमध्ये कुठे जायचं हे तुम्ही ठरवत नाही; पंचावन्नाव्या नंबरवर ज्याने घेतलं, त्याच्याच दारात बसायचं. कुणीच घेतलं नाही, तर त्या रात्री फोन सुरू होतात आणि तुमच्या जागेची गरज कोणाला आहे ते बघून संघ निवडता येतो. फ्रेड व्हॅनव्लीटने 2016 मध्ये दुसऱ्या फेरीतल्या स्वस्त करारांना नकार दिला, तो निवडला गेला नाही, टोरांटोला गेला आणि 2019 मध्ये विजेत्या संघात होता. मात्र त्याची कॉलेजची चारही वर्षं संपली होती, परतीचं दारच नव्हतं. ज्याच्यापुढे ते उघडं आहे, त्याने व्हॅनव्लीटचं उदाहरण देऊ नये. 41 व्या नंबरवर जाऊनही पुढे एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या निकोला योकिचचं तर अजिबातच नको. 2014 मध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती, आणि तो सर्बियात झोपलेला होता. असा माणूस पिढीत एक.

आपल्याकडचं उदाहरण सतनाम सिंगचं. पंजाबातल्या बल्लो के गावचा हा मुलगा कॉलेजची पायरी न चढताच ड्राफ्टमध्ये उतरला आणि 2015 मध्ये डॅलसने 52 व्या नंबरवर घेतला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्या पहाटे इकडे पेढे वाटले गेले असतील. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. जी काही संधी मिळाली, ती धाकट्या लीगमधल्या टेक्सास लेजंड्सकडून.

तर भाच्याला मी दिलेलं उत्तर असं. मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोण कितवा जाईल याचे अंदाज, छापणाऱ्यांनी नाही, खुद्द संघांनी वीसच्या आत धरलंय? डोळे मिटून जा. पंचेचाळीसच्या पुढे, आणि व्हिसाची कटकट नाही? परत जा, शक्यतो जिथे चेंडू तुझ्या हातात राहील अशा कॉलेजात. मधल्या पोराने एजंटला एकच विचारावं : घेऊ म्हणणारा संघ पहिल्या दोन वर्षांची हमी कागदावर देतोय का? देत असेल तर पस्तिसावा नंबरही चांगला. ‘बघू, समर लीगमध्ये (उन्हाळ्यातल्या चाचणी सामन्यांत) काय करतो ते,’ असं उत्तर आलं, तर मुदत संपायच्या आत नाव मागे घेतलेलं बरं.

‘आणि वीस ते तीसमध्ये असलो तर?’ त्याने विचारलं.

‘मग वय किती ते सांग.’

एकोणीस असेल तर जा. बावीस असेल तर अजूनच जा, कारण तेविसाव्या वर्षी पहिली फेरी मिळणं आणखी अवघड. वीस-एकवीसच्या घरात मात्र मला ठाम सांगता येत नाही, आणि तिथे तो मला दर वर्षी हरवतो.