ऑगस्टस पाब्लोच्या दोन रेकॉर्ड: आधी कोणती घ्यावी?

सत्तरच्या दशकातलं जमैकाचं रेगे संगीत, त्यातही डब (तयार गाण्यातले आवाज काढून-सोडून केलेलं त्याचं नवं रूप) आणि वाद्यसंगीत, नव्याने बाजारात आलं आहे. त्यातली एकच रेकॉर्ड घ्यायची असेल, तर माझ्या मते निवड या दोन्हींतच आहे: १९७६ची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' आणि १९७७ची 'ईस्ट ऑफ द रिव्हर नाइल'. दोन्ही जमैकातल्या, दोन्ही ऑगस्टस पाब्लोच्या. तरी ऐकायला अगदी वेगळ्या.

पाब्लो मेलोडिका वाजवायचा. शाळकरी मुलांच्या हाती देतात तेच वाद्य. पेटीसारख्या पट्ट्या, आत पेटीसारखेच धातूचे रीड, फक्त भात्याऐवजी वाजवणाऱ्याचा श्वास. म्हणूनच भजनात, नाट्यपदात पेटी ऐकत वाढलेल्या कानाला हा आवाज परका वाटत नाही.

'नाइल'मध्ये मेलोडिका ठळकपणे पुढे आहे. शीर्षकाची धून पाब्लोने १९७१मध्ये हर्मन चिन-लॉय या निर्मात्याकडे आधी वाजवली होती. 'ऑगस्टस पाब्लो' हे नावही चिन-लॉयनेच दिलेलं. सहा वर्षांनी तीच धून पुन्हा घेताना पाब्लो घाई करत नाही. सूर लावतो, थांबतो, खाली बास गिटारला जागा देतो. चाली बहुतेक मायनर या पाश्चात्त्य स्वरसप्तकातल्या, उदास पण जड नाहीत. जमैकात या ढंगाला 'फार ईस्ट' म्हणतात.

'अपटाउन'चा खरा नायक मिक्सिंगच्या टेबलापाशी बसला आहे. किंग टबी मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस. जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातल्या आपल्या घरातच त्याने स्टुडिओ उभा केला आणि डायनॅमिक साउंड्स या स्टुडिओकडून जुनं चार ट्रॅकचं मिक्सिंग टेबल विकत आणलं. तयार गाणं त्यावर घ्यायचं आणि चालू असतानाच आवाज बंद करायचे, सोडायचे, एकोत, म्हणजे प्रतिध्वनीत, लोटायचे. यालाच डब म्हणतात. शीर्षकाचा तुकडा गायक जेकब मिलरच्या 'बेबी आय लव्ह यू सो' या गाण्याचा डब आहे. मिलरचा आवाज ओळ पुरी होण्याआधीच तुटतो, तुटलेला शब्द विरत विरत दूर जातो आणि मागे उरतात नुसते ड्रम आणि बास. एका काठीचा फटका रिकाम्या खोलीत घुमावा तसा घुमत राहतो. पन्नास वर्षांनीही हा तुकडा ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो.

पण नवख्याने आधी 'नाइल' घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. डबची गंमत काढून टाकलेल्या आवाजात असते, आणि काय काढलंय ते कळायला आधी ते कानात बसलेलं असावं लागतं. 'नाइल'ने मेलोडिका ओळखीची झाली, की 'अपटाउन'मध्ये ती गायब होते तो क्षण नेमका जाणवतो. तबला-पखवाजाकडे आधी कान जाणारे मात्र थेट 'अपटाउन'पासून सुरुवात करू शकतात. आणि मेलोडिका नको, नुसता टबीच्या स्टुडिओतला डबच हवा असेल, तर मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर या रेकॉर्ड कंपनीने १९९४मध्ये काढलेला 'डब गॉन क्रेझी' हा संग्रह बघावा.

मूळ जमैकन प्रेसिंगच्या, म्हणजे त्या काळी तिथे छापलेल्या रेकॉर्डच्या, मागे लागू नका. ती मिळते महाग, आणि त्या काळचं तिथलं प्रेसिंग बऱ्याचदा खरखरीतच असायचं. नवी आवृत्ती घेताना ती मूळ टेपवरून केली आहे की जुन्या रेकॉर्डवरून उतरवली आहे, एवढं मात्र विचारून घ्या. मूळ टेप हरवल्या असल्या, की दुसरा मार्ग धरावा लागतो आणि मग बासच्या बुडाशी खरखर येते.

मोबाइलच्या स्पीकरवर यातली कुठलीच लावू नका. तिथे बास पोचतच नाही, आणि बास गेला तर दोन्ही रेकॉर्डचं अर्धं संगीत गेलं. बरे हेडफोन लावा, किंवा मोठ्या स्पीकरचा डबा असलेला मित्र गाठा.